घरातील मार आणि फॅमिली डॉक्टर

पुणे-नगर महामार्गावरील सुपा (ता. पारनेर) हे बाजारपेठेचे व औद्योगिक वसाहतीचे गाव. (बारामती तालुक्यातील सुपे निराळे.) अशा गावात मार खाल्लेली स्त्री पोलिस ठाण्याची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी दवाखान्याची पायरी चढते. केसपेपरवर मात्र 'न्हाणीघरात पाय घसरला' एवढीच नोंद होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील 18 ते 49 वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथा हिस्सा पतीकडून झालेल्या हिंसेला सामोरा गेला आहे. सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी जखम, निरनिराळ्या दिवसांचे वण, कानाच्या पडद्याला इजा, उपचारांना न जुमानणारी डोकेदुखी वा निद्रानाश ही लक्षणे डॉक्टरांना सावध करणारी होत. गळा दाबल्याची खूण बाहेरून पुसट असली तरी ती जिवावरच्या धोक्याची सूचना मानावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचना प्रत्येक रुग्णाला सरसकट विचारावे असे सांगत नाहीत. लक्षणे दिसल्यास विचारावे, असे सांगतात. मात्र विचारणा एकांतातच हवी. सासू वा नवरा शेजारी बसलेला असताना केलेला प्रश्न त्या स्त्रीला रात्री महागात पडू शकतो. 'तपासणीसाठी जरा आत या,' एवढे निमित्त पुरते. मग, 'ताई, घरी कोणी हात उचलतं का?' असे साधे विचारावे. ऐकून घ्यावे, दोष तिचा नाही हे स्पष्ट सांगावे, आज घरी परतणे सुरक्षित आहे का, याची चौकशी करावी. ती नाही म्हणाली तर खोदून विचारू नये. दार उघडे आहे एवढे कळावे. निर्णय तिचा.

येथे खरी अडचण अशी, की नवराही बहुधा त्याच डॉक्टरांचा रुग्ण असतो. त्याला बोलावून समजावण्याचा मोह अनेकांना होतो. हेतू चांगला, पण परिणाम घातक. तिने सांगितले हे त्याला तत्काळ कळते. केसपेपरही त्याच्या हाती पडू नये.

जखमेचे स्थान, आकार, रंग आणि तिचे शब्द तारखेसह नोंदवावेत. पुढे न्यायालयात हाच कागद उपयोगी पडतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 (कलम 7) मागणी झाल्यास वैद्यकीय मदत देणे बंधनकारक करतो. बलात्कारपीडितेवर खासगी रुग्णालयानेही तत्काळ मोफत उपचार करून पोलिसांना कळवावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 397 सांगते. अठरा वर्षांखालील मुलामुलींवरील लैंगिक अत्याचार कळवणे पोक्सो कायद्याने सक्तीचे आहे.

मुंबईत महापालिका व 'सेहत' संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली 'दिलासा' केंद्र उभारले. रुग्णालयातच समुपदेशन मिळण्याची ही देशातील पहिली सोय. खेड्यातील डॉक्टरांच्या दिमतीला असे केंद्र नसते. त्यांनी संरक्षण अधिकाऱ्यांचा क्रमांक जवळ ठेवावा. महिला हेल्पलाइन 181, तातडीसाठी 112, मानसिक आधारासाठी टेलिमानस 14416. हे क्रमांक चिठ्ठीवर लिहून देण्याऐवजी तिला तोंडपाठ करवून घ्यावेत, कारण चिठ्ठी घरी सापडते.