कमिट-नोंदींचा नमुना : एका दप्तरी शिस्तीचा इतिहास

आज्ञावलीत होणाऱ्या प्रत्येक बदलाबरोबर तो कोणी, केव्हा व कशासाठी केला ह्याचे लहानसे टिपण ठेवण्याची प्रथा सॉफ्टवेअरच्या व्यवसायात रूढ आहे. ह्या टिपणास कमिट-नोंद म्हणतात. ही नोंद ठराविक नमुन्यातच लिहिली जावी असा आग्रह धरणे, आणि नमुना न पाळणारी नोंद यंत्राकरवी नाकारणे, ह्या गोष्टींकडे बहुधा निव्वळ टापटिपीची बाब म्हणून पाहिले जाते. परंतु ह्या प्रथेचा इतिहास पाहिला असता हे मत टिकत नाही. नमुन्यातील बहुतेक अटी कोणत्या ना कोणत्या वाचकाच्या गरजेतून निर्माण झाल्या असून, वाचक बदलला तसतसा नमुनाही बदलत गेला, असे दिसून येते.

ह्या परंपरेचा आरंभ बेल प्रयोगशाळेत झाला. मार्क रॉचकाइंड ह्यांनी १९७२ मध्ये तेथे ‘सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम’ ही आवृत्तिनियंत्रणाची पद्धती सिद्ध केली. बदल कोणी व केव्हा केला हे यंत्रास स्वतःच टिपता येई. ‘कशासाठी’ हे मात्र माणसालाच विचारावे लागे. म्हणून बदल दाखल होताना यंत्र कर्त्याकडे शेरा मागू लागले. पुढे तीत आणखी एक सोय आली. व्यवस्थापकाने तशी योजना केली असल्यास, बदल ज्या मागणीवरून केला तिचा क्रमांक देणे भाग पडे, व तो क्रमांक खरा की खोटा हे पडताळणारी वेगळी आज्ञावलीही जोडता येई. येथे नोंदीचा वाचक म्हणजे कामाचा हिशेब ठेवणारा वरिष्ठ होय. यांत्रिक सक्तीचे बीज आरंभीच्या ह्या पिढीतच होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९८० नंतरच्या दशकात वॉल्टर टिची ह्यांची ‘आरसीएस’ व तिच्या आधारावर उभी राहिलेली ‘सीव्हीएस’ ह्या पद्धती प्रचारात आल्या. सीव्हीएसमध्ये नोंदीचा कोरा नमुना लेखकासमोर ठेवण्याची आणि लिहिलेली नोंद तपासून ती अमान्य करण्याची, अशा दोन्ही तरतुदी होत्या. सर्व कामाचे दप्तर एकाच मध्यवर्ती ठिकाणी असल्याने दाराशी पहारा ठेवणे सोपे होते.

लिनक्सच्या उदयाने ही स्थिती पालटली. लिनस टॉरव्हल्ड्स ह्यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या ह्या प्रकल्पात एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे ई-पत्रांतून बदल पाठवीत. त्यामुळे पत्राचा विषय हेच नोंदीचे शीर्षक व पत्राचा मजकूर हाच तिचा देह ठरला. एप्रिल २००५ मध्ये टॉरव्हल्ड्स ह्यांनी ‘गिट’ ही पद्धती निर्माण केली, तेव्हा हाच घाट तिच्या साधनांत उतरला. पहिल्या ओळीत सारांश, नंतर एक कोरी ओळ व त्यापुढे सविस्तर कारण, अशी मांडणी असेल तरच नोंदीचे पत्रात रूपांतर नीट होते आणि बदलांच्या याद्या वाचनीय राहतात. टिम पोप ह्यांनी २००८ मध्ये लिहिलेल्या टिपणाने शीर्षकास सुमारे ५० व पुढील ओळींस ७२ अक्षरांची मर्यादा लोकप्रिय केली. ७२ हा आकडाही मनाला येईल तसा घेतलेला नव्हे : ८० अक्षरांच्या पडद्यावर दोन्ही बाजूंस चार-चार अक्षरांचा समास सोडला की तेवढीच जागा उरते. २०१२ मध्ये टॉरव्हल्ड्स ह्यांनी गिटहबच्या मार्गाने आलेले बदल स्वीकारण्यास नकार दिला, त्याच्या कारणांत तेथील नोंदींची सदोष मांडणी हे एक होते. सक्ती अद्याप माणसाच्या हाती होती.

दरम्यान एक अनपेक्षित वाचक पुढे आला, तो म्हणजे न्यायालय. मार्च २००३ मध्ये एससीओ ह्या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. युनिक्समधील संरक्षित मजकूर लिनक्समध्ये घुसविला गेला, असा तिचा आरोप होता. कोणती ओळ कोठून आली हे दाखविता येण्याची निकड त्यामुळे उघड झाली. मे २००४ मध्ये टॉरव्हल्ड्स ह्यांनी सुचविले की, हा बदल देण्याचा अधिकार आपणास आहे अशी ग्वाही देणारी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ प्रत्येक कर्त्याने आपल्या नावासह नोंदीच्या शेवटी लिहावी. बदल पुढे धाडणारा प्रत्येक जण तीखाली आपली ओळ जोडतो, व अशा रीतीने हस्तांतराची साखळी नोंदीतच उतरते. ही ओळ नसल्यास हरकत घेणारी तपासणीची आज्ञावलीही २००७ पासून लिनक्सच्या संहितेबरोबरच वितरित होऊ लागली.

गिटमध्ये पूर्वतपासणीस विशेष महत्त्व येण्याचे कारण तिच्या रचनेत आहे. प्रत्येक कमिटची ओळख त्यातील सर्व मजकुरावरून गणिताने काढली जाते, व तीत नोंदही समाविष्ट असते. नोंदीतील एक अक्षर बदलले तरी त्या कमिटची व त्यापुढील सर्व कमिटांची ओळख बदलते. म्हणजे एकदा प्रसृत झालेली नोंद मागाहून सुधारणे जवळजवळ अशक्य होते. त्यासाठी नोंद पक्की होण्यापूर्वीच तपासणारी ‘हूक’ नावाची सोय गिटमध्ये आहे. तथापि ती लेखकाच्याच यंत्रावर चालते, दप्तराच्या प्रतीबरोबर आपोआप येत नाही आणि लेखकास ती टाळताही येते. म्हणून ज्यांना खरी सक्ती हवी असते, त्यांना तपासणी सामायिक दप्तराच्या दाराशीच ठेवावी लागते. सीव्हीएसच्या काळातील पहारा असा परत आला.

अखेरचा वाचक म्हणजे यंत्रच होय. ‘अँग्युलर’ प्रकल्पात प्रत्येक नोंदीच्या आरंभी बदलाचा प्रकार सांगणारा शब्द लिहिण्याचा संकेत रूढ झाला. त्यातूनच पुढे ‘कन्व्हेन्शनल कमिट्स’ हा सर्वसाधारण नियम तयार झाला. ‘फिक्स’ म्हणजे दोषनिवारण, ‘फीट’ म्हणजे नवी सोय. जुन्या वापरास बाधा आणणाऱ्या बदलास निराळी खूण. ह्या खुणा वाचून यंत्र आवृत्तीचा पुढील क्रमांक ठरविते व बदलांची यादीही तयार करते. येथे नोंद हे केवळ वृत्त राहिले नाही, ती आज्ञा झाली. बाधक बदलावर चुकून ‘फिक्स’ असे लिहिले गेले, तर तो निरुपद्रवी समजून त्या आज्ञावलीवर विसंबणारे इतर प्रकल्प आपोआप स्वीकारू शकतात.

ह्या शिस्तीची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. यंत्र लांबी मोजते, खूण ओळखते, स्वाक्षरीची ओळ आहे की नाही ते पाहते. दिलेले कारण खरे आहे की नाही, हे त्यास कळत नाही. ‘फिक्स : दोष दूर केला’ ही नोंद नमुन्याच्या दृष्टीने निर्दोष, पण अर्थाच्या दृष्टीने रिकामी होय. पूर्वीच्या विस्कळीत नोंदींत लेखकाची घाई वा बेफिकिरी उघड दिसे. एकसारख्या नमुन्यात ती झाकली जाते. म्हणून नमुना जितका कडक तितके साधन विश्वसनीय, असे समीकरण अभ्यासकाने मांडू नये. नोंद कोणत्या वाचकासाठी घडविली गेली हे त्याने प्रथम पाहावे, आणि मग ती प्रत्यक्ष बदलाशी ताडून पाहावी. नोंद व बदल दोन्ही एकाच दप्तरात शेजारी-शेजारी जपलेली असतात, ही ह्या साधनाची मोठीच सोय आहे.