पेशी वाढल्या ते पाणी

तिसगावात आमच्या गल्लीतला एक तरुण ऊसतोडीला गेला होता. पाथर्डी तालुक्यात दसरा-दिवाळी झाली की अर्धी घरं कुलूपबंद होतात, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असेलच. मोळी धरलेल्या डाव्या हाताच्या मनगटावर कोयता बसला. जखम भरली, तुटलेली नसही डॉक्टरांनी जोडली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर राहिली. सुई टोचली तरी कळेना. मग कुणीतरी त्याच्या वडिलांना सांगितलं, की शहरात ‘स्टेम सेलचं पाणी’ टोचतात, त्याने नस पुन्हा वाढते. मी निवृत्त विज्ञानशिक्षक, म्हणून ते माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, बैलजोडी विकली तर पैशांचं जमतंय. पण ते पाणी म्हणजे नेमकं काय असतंय?”

प्रश्न साधा होता, पण उत्तराला सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातलं एक पान आपल्या परळमधलं आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीत रीटा लेवी-माँतालचिनी नावाची तरुण डॉक्टर होती. ज्यू असल्यामुळे 1938च्या वंशभेदी कायद्याने तिला विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले. तिने झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतले गर्भ तपासू लागली. मज्जातंतू वाढतात कसे आणि मरतात का, हा तिचा प्रश्न. युद्धानंतर ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली. तिथे तिच्या लक्षात आलं, की उंदराची एक विशिष्ट गाठ कोंबडीच्या गर्भाजवळ लावली, तर गर्भाचे मज्जातंतू वेड्यासारखे वाढतात. गाठ गर्भाला टेकलेली नसली तरीही. म्हणजे गाठीतून काहीतरी पाझरत होतं.

हे सिद्ध करायला 1952 साली ती तशा गाठी असलेले दोन उंदीर घेऊन विमानाने ब्राझीलला रिओ दि जानेरोला गेली, कारण काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची सोय तिच्या मैत्रिणीकडे तिथे होती. कोंबडीच्या गर्भाच्या पाठकण्यालगतची मज्जापेशींची इवलीशी गाठ आणि उंदराची ती गाठ शेजारी-शेजारी ठेवल्या. दिवसभरात मज्जापेशींभोवती तंतूंचं प्रभामंडळ उमटलं, सूर्याच्या किरणांसारखं. पुढे स्टॅन्ली कोहेन या रसायनशास्त्रज्ञाने त्या पाझराचा शोध घेताना सापाचं विष वापरलं. वापरलं ते शुद्धीकरणासाठी, पण त्या विषातच तो पदार्थ गाठीपेक्षा कितीतरी पट जास्त निघाला! नाव पडलं ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’, मज्जातंतुवर्धक म्हणू या. दोघांना 1986चं नोबेल मिळालं. बाई 103 वर्षं जगल्या, 2012 साली गेल्या.

आता परळला येऊ. टाटा रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर कर्करोगाइतकाच कुष्ठरोगाचाही अभ्यास करीत. रोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांतही जंतू त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंत सापडतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. लहानपणी मढीला कानिफनाथांच्या जत्रेत वाटेच्या कडेला वाकड्या बोटांची माणसं बसलेली मी पाहत असे. बोटं रोगाने झडतात असंच आम्ही समजत होतो. खरं म्हणजे आधी मज्जातंतू मरतात. मग चटका कळत नाही, काटा कळत नाही, आणि जखमा बोटं खातात.

खानोलकरांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, 1917चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक, शाळा हुजूरपागा. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी वाढवायला शिकल्या आणि परत येऊन परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. (आमच्याकडे टिश्यू कल्चर म्हटलं की केळीची रोपं आठवतात. तत्त्व तेच, फक्त इथे पेशी प्राण्यांच्या आणि माणसांच्या.)

कुष्ठरोगाचा जंतू 1873 साली नॉर्वेत हान्सेन यांनी शोधला, पण भांड्यातल्या कृत्रिम खाद्यावर तो आजवर कुणालाही वाढवता आलेला नाही. परळच्या मंडळींचा विचार सरळ होता. जंतूला मज्जातंतू आवडतात ना, मग त्याला तेच देऊ. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी मानवी गर्भाच्या पाठकण्यालगतच्या मज्जापेशी भांड्यात वाढवल्या, आणि 1958च्या सुमारास त्या पेशींच्या आणि त्या वाढलेल्या द्रवाच्या आधाराने रुग्णाच्या गाठीतला एक जंतू वाढवून दाखवला. रिओमध्ये कोंबडीच्या ज्या पेशी होत्या, त्याच जागेच्या माणसाच्या पेशी परळमध्ये होत्या. तिकडे प्रश्न होता पेशीला काय जगवतं, इकडे होता पेशी कुणाला जगवते.

हा जंतू कुष्ठरोगाचा खरा जंतू नव्हता, त्याच्या भावकीतला निघाला, हे नंतर कळलं. तरीही डॉ. माधव देव यांनी त्याच्यापासून लस केली आणि चेंगलपट्टूजवळच्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे 65 टक्के संरक्षण दिलं, असं 1998 साली प्रसिद्ध झालं. रणदिवेबाईंना 1982 साली पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करीत होत्या. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण ही बाई इकडे येऊन गेल्याचं फार थोड्यांना माहीत आहे.

पेशी वाढलेल्या द्रवाला आज ‘कंडिशन्ड मीडियम’ म्हणतात. स्टेम सेलच्या बाबतीत हाच द्रव आता महत्त्वाचा ठरतोय. अस्थिमज्जेतल्या किंवा नाळेतल्या मूळ पेशी शरीरात सोडल्या, की त्या स्वतःच नव्या मज्जापेशी होतील, अशी आधी कल्पना होती. प्रत्यक्षात टोचलेल्या बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत मरतात. फायदा दिसतो तो त्यांनी सोडलेल्या पाझराचा असावा. त्यात मज्जातंतुवर्धक असतो, त्याची भावंडं असतात, सूज उतरवणारी द्रव्यं असतात आणि सूक्ष्म पुटिकाही असतात. या पेशींना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करणाऱ्या अर्नोल्ड कॅप्लान यांनीच 2017 साली लिहिलं, की नाव बदला, त्या संकेत देणाऱ्या पेशी आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे यांच्या गटाने तरुण पेशींच्या पुटिकांनी उंदरांच्या म्हाताऱ्या रक्तपेशीजनक पेशी ताज्यातवान्या होतात, असं दाखवलं. मज्जातंतूंबाबतही उंदरांवर आणि भांड्यात बरेच आशादायक प्रयोग झाले आहेत.

माणसावर मात्र गाडी हळू चालते. एकटा मज्जातंतुवर्धक मधुमेहींच्या बधिर पायांसाठी टोचून पाहिला. मोठ्या चाचणीत उपयोग झाला नाही, उलट टोचल्या जागी दुखलं. त्याच पदार्थाचे डोळ्यांचे थेंब मात्र बधिर झालेल्या बुबुळासाठी 2017 साली युरोपात आणि 2018 साली अमेरिकेत मंजूर झाले. पाझरातली द्रव्यं पेशीगणिक आणि घाण्यागणिक बदलतात, हीदेखील अडचण आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय, की रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर हे संशोधनच आहे, आणि संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

त्या वडिलांना मी हे एवढंच सांगितलं. आणि एक सांगितलं: हातापायांतल्या मज्जातंतूभोवती श्वान पेशी असतात, त्या हा पाझर स्वतःच सोडतात. म्हणून जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकते. मेंदू आणि पाठीच्या कण्यात ही सोय नाही. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावून आम्ही हिशेब केला, सहा महिने तरी निघाले.

गेल्या महिन्यात तपासणी झाली. डॉक्टर मनगटापासून पुढे बोटाने टकटक करत गेले, आणि तळहाताच्या मध्यावर आल्यावर पोरगा म्हणाला, “इथं मुंग्या आल्या.” बैलजोडी अजून दारातच आहे.