कारखान्याला ठाऊक होतं, हमीदियाला नव्हतं

2 डिसेंबर 1984, रविवार. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात 610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे 42 टन मिथिल आयसोसायनेट, म्हणजे 'मिक', भरलेलं होतं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद. गळालेला वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर पाइपाच्या दुरुस्तीमुळे निकामी. हे सगळं अनेकदा लिहिलं गेलंय. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांना कुणी, काय आणि कधी सांगितलं, हे मात्र फारसं विचारलं जात नाही.

रात्री 9.30 च्या सुमारास : टाकीत पाणी शिरू लागतं. पाइप धुताना ते गेलं असं कामगार सांगतात. कंपनी घातपाताचं बोट दाखवते. 'मिक'ला पाणी लागलं की उष्णता वाढत जाते, एवढं मात्र निर्विवाद.

10.20 : टाकीचा दाब 2 पीएसआय.

11.00 : पाळी बदललेली. दाब 10. नव्या पाळीला यात काही वावगं वाटत नाही. एवढा चढउतार रोजचाच.

11.30 : कामगारांचे डोळे चुरचुरू लागतात. किरकोळ गळती सापडते. चहा झाल्यावर बघू, असं ठरतं. डोळे चुरचुरणं हीच तिथली धोक्याची घंटा होती आणि सगळ्यांना तिची सवय झाली होती. 1981 च्या डिसेंबरात याच कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. 'आपलं शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय' अशा अर्थाचा इशारा पत्रकार राजकुमार केसवानी 1982 पासून देत होते.

12.40 : दाबाचा काटा शेवटाला टेकतो, टाकीवरचं काँक्रीट तडकतं, सुरक्षा झडप उघडते. 33 मीटर उंचीच्या नळीतून वायू बाहेर. पाण्याचे फवारे तिथवर पोचत नाहीत.

12.50 : भोंगा वाजतो आणि काही मिनिटांत वस्तीच्या बाजूचा आवाज बंद केला जातो. कामगार वाऱ्याच्या उलट दिशेने पळतात, कारण त्यांना ते शिकवलेलं असतं. भिंतीपलीकडच्या जयप्रकाश नगरला कुणीच काही शिकवलेलं नाही. तिथली माणसं वायूबरोबरच धावतात. धावताना श्वास खोल जातो. हा वायू हवेहून जड, त्यामुळे लहान मुलांना जास्त लागला. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढंच लाउडस्पीकरवरून सांगितलं असतं तरी कदाचित कितीतरी जीव वाचले असते.

1.00 नंतर : शहरातल्या हमीदिया रुग्णालयात पहिले रुग्ण. डोळे सुजलेले, तोंडाला फेस. काही वेळात व्हरांडे भरतात. काय हुंगलंय हे डॉक्टरांना माहीत नाही. कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून उत्तर येतं : अश्रुधुरासारखं आहे, डोळे पाण्याने धुवा. पोलिसांच्या फोनलाही कारखान्यातून 'सगळं ठीक' असंच सांगितलं जातं.

2.00 च्या पुढे : गळती जवळपास थांबते. आता भोंगा पुन्हा वाजतो. त्याच सुमारास भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर वरून परवानगीची वाट न पाहता गोरखपूर एक्सप्रेस वेळेआधी सोडायला लावतात आणि शेकडो प्रवासी वाचतात. त्या रात्रीचा योग्य निर्णय घेतला तो रेल्वेवाल्याने.

सकाळ, 3 डिसेंबर : गांधी मेडिकल कॉलेजमध्ये शवविच्छेदन करताना डॉ. हीरेश चंद्र यांना रक्त लालभडक दिसतं. हे शरीरातल्या सायनाइडचं लक्षण आहे का? मग त्यावरचा उतारा, सोडियम थायोसल्फेट, द्यावा का? हा वाद पुढे आठवडे रेंगाळला; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) चाचणी घेऊन त्या उपचाराला दुजोरा देईपर्यंत 1985 उजाडलं होतं.

सरकारने 3,787 मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटनांचा आकडा याच्या कितीतरी पट आहे.

धोकादायक रसायनांचे नियम 1989 मध्ये आले. कारखान्याने आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती द्यावी आणि जिल्ह्याकडे कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा असावा, असं ते सांगतात. तरी डोंबिवलीतल्या रासायनिक कारखान्यांत 2016 आणि 2024 मध्ये स्फोट झाले. तुमचं गाव डोंबिवली, तारापूर किंवा लोटे अशा औद्योगिक वसाहतीजवळ असेल तर जवळच्या रुग्णालयात आणि 108 रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना एकदा विचारा : शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय, आणि ते अंगावर आलेल्या माणसासाठी आधी काय करायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? उत्तर 'नाही' असेल, तर ही माहिती मिळावी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या.