रंगीत सावल्यांचा शोध

सावली म्हटली कीं ती काळी, अशी आपणां सर्वांची समजूत असते. परंतु पहाटेच्या मिस्सेस जाणाऱ्या वाचकांनीं एकदां मुद्दाम पाहावें. आकाश उजळूं लागलें आहे, मेणबत्ती अजून जळत आहे, अशा वेळीं पांढऱ्या कागदासमोर बोट धरिलें, तर मेणबत्तीमुळें पडलेली त्याची सावली स्पष्ट निळी दिसते. माग्देबुर्गचा नगराध्यक्ष ओटो फोन गेरिके यानें ही गोष्ट १६७२ सालीं आपल्या ग्रंथांत नमूद केली. हवा काढून घेतलेले दोन पोकळ अर्धगोल घोड्यांनाहि सहज ओढून वेगळे करितां येत नाहींत, असें दाखविणारा तो हाच गृहस्थ.

त्याच्याहि पूर्वीं, मिलान येथील मठाच्या भोजनगृहांत प्रभूचें शेवटचें भोजन रंगविणाऱ्या लिओनार्दो दा विंचीनें पांढऱ्या वस्तूवरील निळसर सावल्यांविषयीं टिपणें करून ठेविलीं होतीं. त्याचें कारणहि त्यानें बरोबर ओळखिलें होतें: जेथें सूर्याचा प्रकाश अडतो, तेथें निळ्या आकाशाचा प्रकाश पोंचतोच. पुढें १७४३ सालीं फ्रान्समध्यें ब्यूफोंनें सूर्यास्ताच्या वेळच्या हिरव्या व निळ्या सावल्यांचें वर्णन केलें. निळी सावली आकाशामुळें, हें ठीक. पण हिरवी कोठून आली? आकाश तर हिरवें नसतें.

हाच प्रश्न जर्मन कवि गटे यासहि पडला. १७७७ च्या डिसेंबरांत हार्त्स पर्वतांतील ब्रोकेन शिखरावरून उतरतांना बर्फावरील सावल्या त्याला दिवसां जांभळट दिसल्या, आणि मावळत्या सूर्यानें बर्फ तांबडा होतांच त्या हिरव्या झाल्या. १८१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या वर्णविषयक ग्रंथांत त्यानें सांगितलें कीं, एक रंग पुढें आला म्हणजे डोळा आपण होऊनच त्याच्या विरुद्ध रंगाची मागणी करितो. न्यूटनवर त्यानें केलेली टीका आमच्या मतें उगाच होती. डोळ्याविषयीं मात्र तो फार खोल पाहत होता.

परंतु निर्णायक प्रयोग कवीनें केला नाहीं. तो केला अमेरिकेंत जन्मलेल्या व बव्हेरियाच्या अधिपतीच्या पदरीं नोकरी करणाऱ्या काउंट रम्फर्डनें. निरनिराळ्या दिव्यांच्या प्रकाशाची तुलना त्यांनीं पाडलेल्या सावल्यांवरून करण्याचा त्याचा उद्योग चालला होता. मेणबत्ती व दिवसाचा उजेड यांची तुलना करूं जातां एक सावली पिवळी व दुसरी निळी निघाली, आणि तो मूळचें काम सोडून याच्याच मागें लागला. त्यानें दोन सारखे दिवे घेतले व एकापुढें पिवळी कांच धरिली. साध्या दिव्याची सावली पिवळी झाली. तेथें पिवळाच प्रकाश पोंचत होता, त्यांत नवल नाहीं. परंतु पिवळ्या दिव्याची सावली, जिच्यावर केवळ साध्या दिव्याचा प्रकाश पडत होता, ती सुंदर निळी दिसूं लागली! निळें तर तेथें कांहींच नव्हतें.

तेव्हां त्यानें आंतून काळा कागद लाविलेली एक नळी घेतली आणि तींतून केवळ तेवढी सावलीच दिसेल असें केलें. मदतनीस कांच लावी व काढी. सावलीच्या रंगाच्या शोभेनें तो वारंवार उद्गार काढी, आणि नळीला डोळा लावून बसलेल्या रम्फर्डला मात्र कसलाहि फरक दिसेना. एकाच क्षणीं, एकाच सावलीकडे पाहणारे दोघे, दोघेहि खरें सांगणारे! शेजारचा पिवळा रंग दृष्टिआड होतांच निळेपणहि नाहींसें झालें, म्हणजे तें कागदावर नसून पाहणाऱ्याच्या ठायीं होतें. लंडनच्या रॉयल सोसायटीनें हा वृत्तान्त १७९४ सालीं छापिला.

या शोधाचा व्यवहारांत उपयोग पुढें झाला. पॅरिसच्या गोबलें कारखान्यांत काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. रसायनज्ञ शेवरल यानें तपासून पाहिलें, तों रंग उत्तम. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळें तो काळा रंग बिघडलेला दिसे. त्याचा ग्रंथ १८३९ चा.

एवढ्यानें प्रश्न मिटला असें नाहीं. १९५९ सालीं एडविन लँड यानें एकाच देखाव्याचीं दोन कृष्णधवल चित्रें, एक तांबड्या प्रकाशांत व दुसरें साध्या प्रकाशांत, पडद्यावर एकावर एक पाडून पाहणाऱ्यांस नाना रंग दाखविले. हे रंग नेत्रपटलांत घडतात कीं मेंदूंत, याचा निर्णय न करितां त्यानें दोहोंचीं नांवें जोडून आपल्या उपपत्तीस ‘रेटिनेक्स’ म्हटलें.