सोळा रस्त्यांचे गाव

मराठवाड्यात एखादे पोर फार दांडगाई करू लागले, की म्हातारी माणसे अजून म्हणतात, "अरे, काय रझाकारी लावलीस?" हा शब्द कोठून आला हे पोराला ठाऊक नसते, पुष्कळदा म्हणणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते. मुळात त्याचा अर्थ स्वयंसेवक, आपखुशीने सेवा करणारा. उर्दूतला चांगला सालस शब्द; पण वर्षा-दीड वर्षाच्या करणीने तो आमच्याकडे शिवी होऊन बसला.

मी शाळामास्तर. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून इतिहासपंडितांच्या पंक्तीला बसण्याचा अधिकार मला मिळत नाही. पण दर वर्षी १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन होते, मुक्तिसंग्रामाची चार वाक्ये बोलली जातात, आणि मग वर्गात कोणी तरी हात वर करून विचारतेच, "गुरुजी, हे रझाकार आले कुठून?" "कुठून तरी बाहेरून आले" असे सांगून मोकळे होता येते. खरे उत्तर जरा अवघड आहे. त्यांचा सेनापती लातूरहून गेला होता.

त्या काळचे लातूर डोळ्यांपुढे आणा. आज तो जिल्हा आहे, पण तो १९८२ साली झाला. त्या वेळी लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तर बीदर जिल्ह्यात मोडत. राज्य निजामाचे, नाणे हाली सिक्क्याचे, कचेरीची भाषा उर्दू, कलेक्टरला म्हणायचे अव्वल तालुकदार. पण लातूरचा जीव होता तो काळ्या रानात आणि बाजारात. कापूस, तूर, भुईमूग, करडई यांच्या गाड्या भल्या पहाटेपासून गावात शिरत. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ पासून लातूरपर्यंत येऊ लागली, आणि पेठ फुगत गेली. गावाच्या मधोमध गोलाई बांधली गेली. मध्यभागी देवीचे देऊळ, भोवती गोलाकार दुकाने, आणि त्या गोलातून चोहोंकडे फुटलेले सोळा रस्ते. आजही लातूरचा माणूस पत्ता सांगताना गोलाईपासून सुरुवात करतो. गोलाईत लिंगायत वाणी होते, मारवाडी होते, कच्छी मुसलमान व्यापारी होते. आणि आपला माल यांपैकी कोणाच्या अडतीला टाकायचा, हे शेतकरी भाव पाहून ठरवी.

खेड्यापाड्यांतही वीण अशीच घट्ट होती. दिवाळीच्या तोंडावर गाद्या पिंजायला पिंजारी यायचा, बांगड्या भरायला मण्यार यायचा, लुगडी विणणारा कधी कोष्टी असे तर कधी मोमीन. मोहरमात डोले उठत तेव्हा त्यांच्यापुढे नवस बोलणाऱ्या बाया हिंदूच पुष्कळ असत. कंधारच्या उरुसाला सारा मुलूख लोटे. सारे गोडीगुलाबीचेच होते असे नव्हे. सत्ता कोणाची हे प्रत्येकाला ठाऊक होते, आणि कचेरीच्या पायरीवर ते रोज नव्याने कळे. पण पाण्याचा, पिकाचा आणि मयताचा व्यवहार एकमेकांवाचून कोणाचाच चालत नव्हता.

अशा ह्या लातुरात सय्यद कासीम रझवी नावाचे एक वकील राहत होते. मूळचे उत्तर हिंदुस्थानातले, शिक्षण अलीगढचे. लातुरात येऊन त्यांनी वकिली थाटली. म्हणजे बांधाच्या, वाटणीच्या, कर्जरोख्यांच्या भांडणांतून ज्याची भाकरी निघते, असा तालुक्याच्या गावचा एक वकील. १९२७ साली स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन ह्या संस्थेचे बहादूर यार जंग हे मोठे पुढारी. ते १९४४ मध्ये वारले, आणि १९४६ मध्ये संस्थेची सूत्रे ह्या वकीलसाहेबांच्या हाती गेली. वाणी धारदार, स्वभाव आगीचा. त्यांनी रझाकारांची फौज उभारली.

ह्या फौजेचा जोर किती वाढला, हे एका रात्रीच्या हकिगतीवरून कळते. भारत सरकारशी जैसे थे करार करण्यासाठी निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला निघायचे होते. २७ ऑक्टोबर १९४७च्या पहाटे रझाकारांच्या जमावाने शिष्टमंडळातल्या बड्या लोकांच्या बंगल्यांना वेढा घातला. त्यांत खुद्द पंतप्रधान, छत्तारीचे नवाब होते. शिष्टमंडळ जागचे हलू शकले नाही. नवाबांनी राजीनामा दिला, आणि रझवींच्या कलाने चालणारे मीर लायक अली पंतप्रधान झाले. करार शेवटी २९ नोव्हेंबरला झाला; पण राज्य कोणाच्या हाती आहे, हे त्या पहाटे साऱ्यांना दिसून चुकले होते.

खेड्यांत हा अंमल कसा चाले? गावावर दरमहा वर्गणी बसे. गावाने ती मुकाट्याने भरली, तर पुष्कळदा तेवढ्यावर निभावे. हात आखडला, की लूट, जाळपोळ, खून आणि बायकांची विटंबना. पोलीस पाहत राहत, किंवा हात देत. आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगत, की त्या वर्षी चुली दिवसा पेटवून संध्याकाळी विझवून टाकीत, म्हणजे अंधारात लांबून धूर-उजेड दिसू नये. दागिने उकिरड्यात पुरले जात. तरण्या मुली ज्वारीच्या रानात रात्र काढीत.

नांदेड जिल्ह्याने ह्याचा चटका आधीच सोसला होता. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ २९ ऑक्टोबर १९४६ रोजी काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांना वाटेत गाठून ठार मारण्यात आले. बीदरकडच्या गोरटा गावी मे १९४८ मध्ये जे हत्याकांड झाले, त्याची वार्ता उदगीर-निलंग्याच्या वाटांनी रातोरात पसरली, आणि बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे बैलगाड्यांत घालून लोक सरहद्दीकडे निघाले. लातूर-उस्मानाबादकडचे बार्शी-सोलापूरला, नांदेडकडचे पैनगंगा ओलांडून उमरखेड-पुसदला. नदीपलीकडे दुसरे राज्य, अलीकडे निजामी; मधे गुडघाभर पाणी. उभे पीक सोडून जाणे म्हणजे काय असते, हे शेतकऱ्यालाच ठाऊक.

पळाले ते सारेच रडत बसले नाहीत. स्वामी रामानंद तीर्थ यांनी हिप्परग्याच्या आणि मोमिनाबादच्या, म्हणजे अंबाजोगाईच्या, शाळांत मास्तरकी करता करता जी पोरे घडवली होती, ती आता सरहद्दीवरच्या कॅम्पांत उभी होती. करोडगिरीचे नाके जाळणे, पोलीस ठाण्यांवर छापे घालणे, वेढ्यातल्या गावांना हत्यारे पोचवणे ही त्यांची कामे. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, उमरखेड कॅम्पच्या तरुणांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली. वीस लाखांच्या वर रक्कम हाती आली, ती लढ्याच्या कामी लागली आणि तिचा हिशेब ठेवला गेला. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीवर रझाकार चालून गेले, तेव्हा अप्पासाहेब नाइक आणि त्यांच्या साथीदारांनी दिलेल्या झुंजीची आठवण तिकडची माणसे आजही काढतात.

आणखी एक नाव मी मुलांना मुद्दाम सांगतो. हैदराबादला 'इमरोज' नावाचे उर्दू पत्र होते. शोएबुल्लाखान हे त्याचे तरुण संपादक. संस्थानाने भारतात विलीन व्हावे, असे ते उघड लिहीत. २२ ऑगस्ट १९४८ रोजी भर रस्त्यात त्यांचा खून झाला. मुसलमानाने आपल्याविरुद्ध लिहावे, हा रझाकारांच्या लेखी सर्वांत मोठा गुन्हा होता.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. सोलापूरकडून येणाऱ्या मुख्य तुकड्यांचे नेतृत्व जनरल चौधरी यांच्याकडे होते. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. रझवी पकडले गेले, त्यांच्यावर खटले झाले, १९५७ पर्यंत ते तुरुंगात होते. सुटल्यावर पाकिस्तानात गेले आणि १९७० साली तेथेच वारले.

शाळेच्या भाषणात येथे टाळ्या पडतात आणि मुलांना खाऊ मिळतो. लातूरची गोष्ट मात्र येथे संपत नाही. पुढचे पान आम्ही मंडळी सहसा उलटीत नाही, आणि म्हणूनच हा लेख लिहायला बसलो.

रझवी गजाआड गेले. त्यांच्या गावचे मुसलमान गावातच होते. त्यांत पिंजारी होते, मण्यार होते, अडते होते, बायका-पोरे होती. रझाकारांत सामील झालेले थोडे, भीतीने वर्गणी देणारे पुष्कळ, आणि कशातच नसलेले त्याहून अधिक. वर्षभर सोसलेल्या जाचाचा सूड आता ह्या साऱ्यांवर सरसकट उगवला गेला. बातम्या दिल्लीला पोचल्या, तेव्हा नेहरूंच्या सांगण्यावरून एक समिती पाठवण्यात आली. तिचे प्रमुख पंडित सुंदरलाल, इंग्रजी अमलावरच्या ज्यांच्या हिंदी ग्रंथावर सरकारने बंदी घातली होती तेच. त्यांच्याबरोबर काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ ही मंडळी संस्थानात हिंडली. संस्थानातल्या १६ जिल्ह्यांपैकी ९ जिल्हे त्यांनी पाहिले आणि पाचशेच्या वर लोकांच्या जबान्या घेतल्या.

त्यांनी काढलेला आकडा असा : पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर, सावधपणे मोजले तरी साऱ्या संस्थानात २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली. सर्वांत अधिक हानी चार जिल्ह्यांत झाली : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातुराविषयी समितीने लिहिले, की तेथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. गावात सुमारे दहा हजार मुसलमान होते, त्यांपैकी समितीला जेमतेम तीन हजार दिसले. हजाराच्या वर मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या बसल्या. हा अहवाल सरकारने त्या वेळी छापला नाही. अनेक दशकांनी तो लोकांसमोर आला.

वाचकहो, तारखांचा एक हिशेब माझ्या मनातून जात नाही. मराठवाड्याच्या मुक्तीनंतरची पहिली दिवाळी नोव्हेंबर १९४८च्या आरंभी आली. बार्शीहून, उमरखेडहून परतलेल्या घरांत वर्षाने पहिल्यांदा निर्धास्त पणत्या लागल्या असतील, आणि त्या लागायलाच हव्या होत्या. त्या घरांनी फार भोगले होते. त्याच वेळी त्याच गल्लीत काही घरांची कुलपे गंजत होती. गादी पिंजणारा आला नव्हता.

काहींना वाटते, की हे पान उघडले तर रझाकारांचे पाप हलके होते. मला तसे वाटत नाही. पानसऱ्यांचा खून खून आहे, आणि गोलाईतल्या मण्याराचा खूनही खून आहे. एकाच्या रक्ताने दुसऱ्याचे धुतले जात नाही. आणि हेही नीट पाहिले पाहिजे, की समिती नेमणारे आणि आपल्याच राज्यातली ही गोष्ट कागदावर मांडणारे लोक याच देशाचे होते. निजामाने गोरट्याला अशी समिती पाठवली नव्हती.

त्याच अहवालात एक नोंद अशी आहे, की ती वाचताना मी थांबलो. जागोजाग हिंदूंनी शेजारच्या मुसलमानांना घरात घेऊन वाचवले, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन. त्यांत विणकरांचा उल्लेख खास केला आहे : हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी जमावापुढे उभे राहिले, आणि त्यापायी त्यांतले काही मेले. कोष्टी आणि मोमीन. एकाच्या मागावर दुसऱ्याचे सूत. सावकार तोच, बाजार तोच, मंदी आली की उपास तोच. धर्माच्या पंडितांना जे सुचले नाही, ते ह्या माणसांना मागावर बसून बसून कळले असावे. त्यांची नावे अहवालात नाहीत. त्यांचे स्मारक कोठे माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून आता वर्गात प्रश्न आला, की मी दोन्ही पाने वाचून दाखवतो. आधी पानसरे, उमरी, कल्हाळी, मग शोएबुल्लाखान, मग लातूरचे ते वीस दिवस, आणि शेवटी विणकर. आठवी-नववीची पोरे हे सारे ऐकून घेतात. मोठ्या माणसांना वाटते तेवढी ती कच्ची नसतात. गेल्या खेपेस एका मुलीने विचारले, "गुरुजी, ज्यांनी वाचवले ते कुणाच्या बाजूचे?" मी म्हटले, "शेजाराच्या." तिने ते वहीत लिहून घेतले.

त्या साली जे दहा वर्षांचे होते, ते आता नव्वदीच्या दाराशी आहेत. उद्या सांगायला कोणी उरणार नाही. ह्या दिवाळीला आपल्यापैकी पुष्कळ जण लातूर-नांदेडकडच्या गावी जातील. फराळ झाला, पोरे फटाक्यांना गेली, की ओसरीवरच्या म्हाताऱ्याजवळ जरा बसा. वाड्यावर कोण चालून आले होते, हे तो न विचारता सांगेलच. तुम्ही एवढेच विचारा, की आपल्या घरात त्या दिवसांत कोणाला लपवले होते का, आणि कोणत्या खोलीत. उत्तर मिळाले, तर नावानिशी लिहून ठेवा.