प्रखर सूर्य आणि कोल्हापूरचे चित्रकार

प्रकाश जितका अधिक, तितकें दर्शन स्पष्ट, असा आपला सर्वसाधारण समज आहे. चैत्रांतल्या भर दुपारीं जो कोणी रंकाळ्याच्या बांधावर उभा राहिला असेल, त्याला हा समज किती फसवा आहे हें सांगावयास नको. पाणी त्या वेळीं झगमगत्या पत्र्यासारखें दिसतें, झाडांच्या सावल्या बुंध्यापाशीं गोळा होतात, आणि सारा देखावा खोली हरवून सपाट पडतो. रूप दाखविणारा सूर्यच तें पुसून टाकतो.

संगणकावर डोंगर, तळीं आणि वनें रचणाऱ्या आजच्या तरुणांपुढें हीच अडचण उभी राहते. दुपारच्या निरभ्र उन्हांत भूमीवर सुमारें १,००,००० लक्स प्रकाश पडतो, आणि सावलींत त्याचा अल्प अंशच पोंचतो. उलट पडद्यावरील सामान्य चित्रांत प्रत्येक मूळ रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. सूर्य खऱ्या मापानें घातला कीं २५५ च्या वरचें सर्व कांहीं एकाच पांढऱ्यांत बुडून जातें. प्रश्न नवा भासतो खरा; परंतु कोल्हापुरानें तो पूर्वीं दोनदां हाताळला आहे, एकदां कागदावर आणि एकदां फिल्मवर.

शाहू महाराजांच्या आश्रयास असलेले आबालाल रहिमान (मृत्यु १९३१) यांनीं रंकाळा, पंचगंगा आणि कोटितीर्थ यांचा परिसर निरनिराळ्या प्रहरीं न्याहाळून रंगविला. पारदर्शक जलरंगांत काम करणाऱ्याजवळ कोऱ्या कागदाहून उजळ असें कांहींच नसतें. म्हणून ऊन दाखवावयाचें तर त्याच्या शेजारची सावली जाणून रंगवावी लागते. तिच्यांत आकाशाची निळाई मिसळावी लागते. ऊन वाढविण्याची सोयच नाहीं, ही उणीवच त्या कलेची गुरु ठरते.

बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांची अडचण याहून अवघड होती. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० सालीं त्यांनीं ‘सैरंध्री’ लोकांपुढें आणला, तेव्हां चित्रण मुख्यतः सूर्यप्रकाशावरच चाले. प्रचलित फिल्मवर निळ्या रंगाचा परिणाम फार होई व तांबड्याचा अगदीं थोडा; त्यामुळें आकाश पांढरें फटक येई आणि चेहरे काळवंडत. नाटकांचे पडदे रंगविण्यांत ज्यांचा हात तयार झाला होता, त्या बाबूरावांनीं सूर्याशीं भांडण मांडलें नाहीं. परावर्तक फळ्यांनीं त्यांनीं प्रकाश वळवून सावलींत आणला, आणि चित्रित पडद्यांऐवजीं लांबी, रुंदी व खोली असलेलीं दृश्यें उभारलीं. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्यें त्यांनीं कृत्रिम दिवे वापरले, हिंदी चित्रपटसृष्टींतील हा पहिला प्रयोग मानला जातो.

संगणकशास्त्रानेंही अखेर हाच मार्ग धरला. २००२ सालीं राइनहार्ड प्रभृति संशोधकांनीं अतितेजस्वी दृश्य पडद्याच्या मर्यादेंत बसविण्याची जी रीत मांडली, ती छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या ‘झोन’ पद्धतीवर आधारलेली आहे. तींत तेज सरसकट कापलें जात नाहीं; अति उजळ भाग अधिक दाबला जातो आणि अंधाऱ्या भागाला जवळजवळ हात लावला जात नाहीं.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, सूर्य कमी करणें म्हणजे निसर्गाशीं अप्रामाणिकपणा होय. मला तसें वाटत नाहीं. आपला डोळा स्वतःच बाहुली आकुंचित करून तेजाशीं तडजोड करतो. दृश्य आपल्यापर्यंत पोंचतें तें या तडजोडीनंतर. मोजमापाचें सत्य तसेंच ठेवून पाहणाऱ्याला आंधळें करणारें चित्र कोणत्याच सत्याशीं इमान राखीत नाहीं. म्हणून सूर्याचा आंकडा खालीं ओढण्यापूर्वीं सावलींत काय आहे तें पाहावें, आकाशाचा मंद प्रकाश तेथवर पोंचवावा, आणि सूर्य थोडा कलता ठेवावा.

कोल्हापूरच्या त्या मूकपटांपैकीं बहुतेक आज नष्ट झाले आहेत. ज्या उन्हाला त्यांनीं शिस्त लावली तें मात्र रंकाळ्यावर रोज उतरतें. नव्या चित्रकारानें एक दिवस आपलें यंत्र घरीं ठेवून सकाळीं, दुपारीं आणि दिवेलागणीला त्या बांधावर जाऊन बसावें. सावली पाहावयास तो शिकला, तर ऊन त्याला आपोआप आंवरतां येईल.