पाटणा : नगरस्थापना व नामांतरे

पाटणा (प्राचीन पाटलिपुत्र) : बिहार राज्याच्या राजधानीचे शहर. लोकसंख्या १६,८४,२२२ (२०११, महानगरपालिका क्षेत्र). ते गंगेच्या दक्षिण तीरावर पूर्व-पश्चिम लांबट पसरले आहे. समोरच्या काठावर हाजीपूरजवळ गंडक गंगेला मिळते. शोण नदीचा संगम आता शहराच्या पश्चिमेस मनेरच्या बाजूला होतो. प्राचीन काळी तो पाटलिपुत्राला लागूनच होता. पाटलिग्राम, पाटलिपुत्र, कुसुमपूर, पुष्पपूर, पाटणा व अझीमाबाद ही या शहराची प्रमुख नावे. नवे नाव आल्याने जुने नाहीसे झाले, असे येथे सहसा घडलेले नाही.

स्थापना : दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तानुसार अखेरच्या प्रवासात गंगा ओलांडण्यापूर्वी बुद्ध पाटलिगाम या खेड्यात थांबला होता. मगधाचा राजा अजातशत्रू याचे सुनीध व वस्सकार हे अमात्य तेव्हा गंगेपलीकडच्या वज्जी गणसंघाला रोखण्यासाठी तेथे तटबंदी उभारीत होते. हे व्यापाराचे अग्रगण्य नगर होईल; मात्र त्याला आग, पाणी व आपसांतील फूट यांचे भय राहील, असे भाकीत बुद्धाने केल्याचे सुत्त सांगते. तो ज्या वेशीतून बाहेर पडेल तिला गोतमाचे नाव द्यायचे, असे अमात्यांनी ठरविले. अजातशत्रूचा मुलगा उदायी याने इ. स. पू. पाचव्या शतकात राजधानी राजगृहाहून येथे आणली. राजगृह डोंगरांच्या कड्यात सुरक्षित होते. पण वाढत्या राज्याचा व्यापार, सैन्य व सारा नदीवाटेने हलू लागला, तेव्हा संगमावरचे ठाणेच सोयीचे ठरले.

नावाची व्युत्पत्ती : ‘पाटलि’ म्हणजे पाटला, मराठीतील पाडळ हा सुगंधी फुलांचा वृक्ष. हेमचंद्राच्या परिशिष्टपर्वातील कथेत नदीतून वाहत आलेल्या एका जैन मुनीच्या कवटीत पाटलेचे बीज रुजते व त्या झाडापाशी नगर वसते. कथासरित्सागरात निराळीच हकिकत आहे. पुत्रक नावाचा तरुण भांडणाऱ्या दोन असुरपुत्रांना फसवून उडत्या पादुका, अन्न देणारे पात्र आणि रेखाटलेले खरे करणारी काठी पळवितो. पुढे पाटली या राजकन्येला घेऊन तो गंगाकाठी उतरतो व काठीने जमिनीवर नगराची आकृती काढतो. त्या दोघांच्या नावांचे मिळून पाटलिपुत्र. हा ग्रंथ ज्या बृहत्कथेवर आधारलेला आहे, तिचा कर्ता गुणाढ्य याचा संबंध परंपरेने प्रतिष्ठानच्या (पैठणच्या) सातवाहन दरबाराशी जोडला जातो. कुसुमपूर व पुष्पपूर ही नावेही फुलांचीच. वायुपुराण उदायीने वसविलेल्या नगराला कुसुमपूर म्हणते, तर आर्यभटाने आपल्या ग्रंथात कुसुमपुराचा निर्देश केला आहे.

शिलालेखांतील उल्लेख : अशोकाच्या पाचव्या शिलालेखात अधिकाऱ्यांच्या नेमणुकीसंबंधी ‘येथे व बाहेरील नगरांत’ अशा अर्थाचे शब्द कालसी, मानसेरा येथील प्रतींत आहेत. गिरनारच्या प्रतीत मात्र ‘येथे’ऐवजी पाटलिपुत्र असे स्पष्ट नाव येते. मूळ मजकूर राजधानीत बसून लिहिला गेला होता. गिरनारला, म्हणजे दूर सौराष्ट्रात, ‘येथे’ म्हणजे कुठे, असा प्रश्न पडला असता.

पालिबोथ्रा : चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थिनीझ याने या नगराचे वर्णन केले आहे. लांबी ८० स्टेडिया व रुंदी १५ स्टेडिया (सु. १४ व २.७ कि.मी.), सभोवार खंदक, लाकडी तट, ६४ दरवाजे आणि ५७० बुरूज, असे त्याचे आकडे सांगतात. ग्रीकांचे हे पालिबोथ्रा नेमके कोठले, याविषयी अठराव्या शतकात वाद होता. काहींच्या मते ते अलाहाबाद. ग्रीक लेखक ते एरान्नोबोआस नदीवर असल्याचे सांगत, आणि पाटण्याजवळ तशा नावाची नदी कोणाला ठाऊक नव्हती. शोण नदीला संस्कृतात हिरण्यबाहू म्हणत, हे संस्कृतज्ञ विल्यम जोन्स यांना एका ग्रंथात आढळले व एरान्नोबोआस हा त्याचाच अपभ्रंश असल्याचे त्यांनी ओळखले. १७९३ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला. नगर निश्चित होताच ग्रीकांनी पालिबोथ्राचा राजा म्हणून उल्लेखिलेला सँड्रोकोटस म्हणजे चंद्रगुप्त, हेही जुळले. प्राचीन भारताच्या कालगणनेला पहिला भक्कम आधार मिळाला तो असा.

उत्खनने : १९१२-१३ मध्ये डी. बी. स्पूनर यांनी सर रतन टाटा यांच्या अर्थसाहाय्याने पाटण्यातील कुम्रहार येथे खणून मौर्यकालीन स्तंभयुक्त सभागृहाचे अवशेष उजेडात आणले. बुलंदीबाग येथे लाकडी तटाचे ओंडके सापडले व मेगॅस्थिनीझच्या वर्णनाला दुजोरा मिळाला. १९५१–५५ मध्ये कुम्रहारचे काम मूळचे कोल्हापूरकडचे इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकर यांच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा झाले. त्यात गुप्तकालीन आरोग्यविहाराचा, म्हणजे भिक्षूंच्या रुग्णालयाचा, नाममुद्रेवरून शोध लागला.

मध्ययुगीन व आधुनिक नावे : सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाला येथे बव्हंशी भग्नावशेषच दिसले. सोळाव्या शतकात शेरशाहने किल्ला बांधून शहराला पुन्हा महत्त्व दिले. ‘पाटणा’ हे नाव बहुधा ‘पत्तन’ (बंदर, बाजारपेठेचे नगर) यावरून आले. मछलीपट्टणातील पट्टण तेच. स्थानिक श्रद्धा मात्र ते पटनदेवीशी जोडते. १७०४ च्या सुमारास औरंगजेबाचा नातू शाहजादा अझीम-उस-शान याने शहराला अझीमाबाद हे नाव दिले. ते बोलण्यात टिकले नाही; पण शाद अझीमाबादी (१८४६–१९२७) यांच्यासारख्या उर्दू शायरांच्या नावांत राहिले.

१९१२ मध्ये बिहार व ओरिसा हा प्रांत बंगालपासून वेगळा झाला आणि पाटणा त्याची राजधानी बनले. नवी वसाहत पश्चिमेकडे बांकीपूरपलीकडे वाढल्याने पूर्वेकडचा जुना भाग ‘पाटणा सिटी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. गुरू गोविंदसिंगांचे जन्मस्थान (१६६६) असलेले तख्त पाटणा साहिब याच भागात आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर लोकसभेच्या नकाशावर नुसत्या ‘पाटणा’ नावाचा मतदारसंघ उरलेला नाही. शहर व परिसर ‘पाटणा साहिब’ आणि ‘पाटलिपुत्र’ या दोन मतदारसंघांत विभागला आहे.